गावकऱ्यांच्या नोंदी आणि विद्यापीठाची जबाबदारी: खान्देशात सिटिझन सायन्स कसं उभं राहील?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विषय मोठा आहे, त्यामुळे लिहिणंही लांबणार.

आपल्याकडे मनापासून नोंदी ठेवणारी माणसं कमी नाहीत. शेतात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी मिलिमीटर लिहिणारे शेतकरी आहेत. जानेवारीच्या थंडीत हतनूर धरणावर पाणपक्षी मोजायला जाणारी पोरं आहेत. यंदा मोह लवकर गळायला लागला की उशिरा, हे विचारल्याबरोबर सांगणाऱ्या सातपुड्यातल्या बाया आहेत. पण या माहितीचं पुढे होतं काय? वही माळ्यावर जाते आणि घर आवरताना रद्दीत. एखाद्या कॉलेजात सरांनी हौसेने निसर्ग मंडळ चालवलेलं असतं. सर निवृत्त झाले की मंडळ बंद पडतं आणि त्यांच्या संगणकातली एक्सेल फाइलही कुणाला सापडत नाही.

म्हणून मला वाटतं, विद्यापीठाने सिटिझन सायन्समध्ये, म्हणजे सामान्य लोकांच्या निरीक्षणांवर चालणाऱ्या विज्ञानात, उतरायचं तर सगळ्यात आधी या नोंदींचा वाली व्हावं. मोजणारी माणसं गावात आहेतच. मोजलेलं तपासून घेणं, ते पिढ्यानपिढ्या जपणं आणि ज्याने मोजलं त्याच्या हातात निष्कर्ष परत देणं, हे मात्र एकट्यादुकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही.

जगात हे काम विद्यापीठांनी केलेलं आहे. ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदी भरायची वेबसाइट २००२ पासून चालू आहे, त्यामागे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आहे. कुणीही यादी भरावी, पण ती यादी साठवायची, तपासायची आणि संशोधकांना खुली करायची जबाबदारी त्यांनी उचलली. आपल्या देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल याच नोंदींवर उभा आहे. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. पगारी शास्त्रज्ञांच्या बळावर हे कधीच झालं नसतं. ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये गॅलेक्सी झू सुरू केलं. दीर्घिकांची लाखो छायाचित्रं लोकांसमोर ठेवली आणि आकार ओळखायला सांगितलं. त्यात नेदरलँड्समधल्या हॅनी नावाच्या शाळेतल्या शिक्षिकेला एक विचित्र निळा डाग दिसला, तिने तो काय आहे म्हणून विचारलं, आणि त्या वस्तूला आज तिचंच नाव आहे. शाळेत शिकवणाऱ्या मला ही गोष्ट फार बळ देते.

आपलं विद्यापीठ, म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १९९० चं. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे गिरणा-तापीच्या काळ्या जमिनीपासून अक्राणीच्या डोंगरापर्यंत सगळीकडे त्याची महाविद्यालयं आहेत. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आसोद्याच्या त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेत, पाखरं, माणसं तिच्या नजरेतून सुटली नाहीत. तिच्या नावाच्या विद्यापीठाने गावच्या निरीक्षणाला घर द्यावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

तुम्हाला काय वाटतं? सुरुवात कुठल्या विषयापासून व्हावी?

पांझरा_नाना

ताई, विषय चांगला काढला. मी धुळ्याचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मला एकच शंका आहे. कुणीही काहीही लिहील, त्याला शास्त्र कसं म्हणायचं? आमच्या खात्यात मोजमापाला सही लागायची. चुकीचा आकडा गेला तर जाब द्यावा लागायचा. इथे जाब कोण देणार?

रानपिंगळा_शहादा

नाना, शंका योग्य आहे. पण याचं उत्तर आपल्याच मातीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानपिंगळा हे छोटं घुबड. अॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या खान्देशात नेमणुकीवर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या भागातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी कुणालाच सापडला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने उरले होते. एका नमुन्यावर मात्र १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी लावणारे होते रिचर्ड माइनर्ट्झहागेन, त्या काळचे नावाजलेले पक्षितज्ज्ञ. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, म्हणून ती नोंद सगळ्यांनी खरी धरली.

ती खोटी होती. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांनी त्या कातड्याची शिवण आणि आतलं भरण बारकाईने तपासलं. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. ती नोंद बाद केल्यावर उरल्या त्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्या. त्यांच्या आधाराने रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शोध घेत आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी आमच्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! नंतर तो तोरणमाळच्या बाजूला, यावलच्या जंगलात, मेळघाटातही मिळाला.

यात खोटं बोलला तो तज्ज्ञ. आणि खोटं उघडं पडलं ते नमुना, चिठ्ठी, तारीख, जागा हे सगळं कुणीतरी शंभर वर्षं नीट ठेवलं म्हणून. तेव्हा नोंद कुणी केली यापेक्षा ती पुन्हा तपासता येते का, हे बघावं. फोटो, तारीख, जागा, कोणी पाहिलं एवढं जपलं तर शेतकऱ्याची नोंदही प्राध्यापकाच्या नोंदीइतकीच भक्कम. जपण्याचं काम कुणाचं, ते गिरणाकाठताईंनी लिहिलंच आहे.

अमळनेरकर

मी सांख्यिकी शिकवतो. शहादेकरांशी सहमत. पण नोंद खरी असली तरी नोंदींचा ढीग फसवू शकतो, ते सांगायला हवं.

समजा तिन्ही जिल्ह्यांतल्या पक्ष्यांच्या याद्या एकत्र केल्या. जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ, त्यामुळे तिथल्या याद्या भरपूर येतील. अक्राणीतून एखादीच येईल. नकाशा काढला की वाटेल सगळे पक्षी मेहरूणवरच राहतात. म्हणून किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललात, दिसलेले सगळे पक्षी लिहिले की फक्त वेगळे वाटलेले, हे विचारावं लागतं. ईबर्ड हे विचारतं. फेब्रुवारीत होणाऱ्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत किमान पंधरा मिनिटं थांबून यादी करायला सांगतात, ते याचसाठी. शिवाय एखाद्या भागात, एखाद्या महिन्यात न शोभणारा पक्षी किंवा आकडा आला की संगणक तो बाजूला काढतो आणि त्या भागातला जाणकार स्वयंसेवक नोंद करणाऱ्याला विचारतो. नाना, जाब देण्याची सोय ही अशी असते.

दुसरं उदाहरण शेतातलं. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस आढळलं की नुकसानीची पातळी गाठली असं समजून उपाय करायचे असतात. आता शेतकरी सापळा बघतो कधी? अळीची चर्चा सुरू झाल्यावर. पतंग नसलेल्या दिवसाचं शून्य कुणी लिहितच नाही. आम्हाला ते शून्य हवं असतं! शून्यं नसतील तर वाढ कधी सुरू झाली ते कळायला मार्ग नाही. विद्यापीठाने लोकांना शिकवायचं असेल तर आधी हे शिकवावं: काही दिसलं नाही तरी लिहा.

आणि एक इशारा. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट आहेत, त्यांना श्रेयांकही आहेत. या कामाला ती जागा चांगली आहे. पण सक्ती केली की मुलं शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं उतरवून काढतात. तसले हजार आकडे आले तरी बाकीचे चांगले आकडे नासतात. श्रेयांक द्यायचे तर आलेल्या नोंदी तपासण्याच्या कामाला द्यावेत. एमएस्सीची मुलगी तालुक्यातून आलेले शंभर फोटो ओळखायला बसली तर ती वर्गिकी खऱ्या अर्थाने शिकेल, आणि गावातल्या माणसाला दोन दिवसांत उत्तर मिळेल.

रावेरकर

हे सगळं वाचायला बरं वाटतं भाऊ. मी केळीवाला. आता आमची बाजू ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सीएमव्हीचा, म्हणजे कुकुंबर मोझॅक या केळीवरच्या विषाणू रोगाचा, जोर होता. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांची झाडं उपटून टाकावी लागतात. तेव्हा बाहेरच्या एका संस्थेची मुलं आली. सगळ्या शिवारात फिरली, झाडं मोजून घेतली, आमच्याकडून फॉर्म भरून घेतले. आम्ही कामं सोडून त्यांच्याबरोबर बांधाबांधाने हिंडलो. पुढे काय निघालं, आजतागायत कुणी सांगितलं नाही. आमच्या बागेवर कुणाला पदवी मिळाली असेल तर मिळो, पण आमच्या हाती कागदाचा चिटोराही आला नाही. आता कुणी फॉर्म घेऊन आलं की गाव दार लावतं.

हा रोग मावा पसरवतो. शेजारच्या शिवारात सुरू झालाय हे आठ दिवसांत कळलं तर मी काकडी-भोपळ्याचे वेल बांधावरून काढीन, मावा आवरीन, रोगट झाड दिसलं की लगेच काढून पुरून टाकीन. तीन वर्षांनी प्रबंधात कळून मला काय उपयोग? विद्यापीठाला आमची मदत हवी असेल तर आधी हे ठरवा.

गिरणाकाठ

रावेरकर भाऊ, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये निष्कर्ष परत देण्याबद्दल एक वाक्य लिहून पुढे गेले होते, तुम्ही त्यात जीव घातलात.

इथे दोन वेगवेगळे वेग आहेत. संशोधनाला वेळ लागतो, तो लागू द्यावा. पण कच्ची माहिती गावाला ताबडतोब मिळायला हवी. आज कुठल्या शिवारातून रोगाच्या नोंदी आल्या, एवढा साधा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला आला पाहिजे. त्याला प्रबंधाची वाट बघायची गरज नाही. अर्थात रोग ओळखायला केळी संशोधन केंद्रातला किंवा कृषी विद्यापीठातला माणूस हवा, नाहीतर अन्नद्रव्याच्या कमतरतेने पिवळं पडलेलं पानही सीएमव्ही म्हणून नोंदलं जाईल. आपलं विद्यापीठ आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ या दोघांनी इथे एकत्र यावं. केरळचा पक्षी अॅटलस २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्यभर चौकोन आखून केला, त्यात तिथलं कृषी विद्यापीठ होतं. म्हणजे अशक्य काही नाही.

आणि जे छापून येईल त्यात गावाचं नाव यावं, ज्यांची इच्छा असेल त्यांचं स्वतःचंही. हे उपकार म्हणून नाही, त्यांचा हक्क म्हणून.

डोंगऱ्या_धडगाव

मी पावरा समाजातला, सध्या नंदुरबारला शिकतो. दोन गोष्टी.

पहिली भाषेची. आमच्या आजीला मोहाची, चारोळीची, रानभाज्यांची जेवढी माहिती आहे तेवढी आमच्या पुस्तकात नाही. पण अॅप इंग्रजीत, फार झालं तर मराठीत. ती नोंद कशी करणार? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका गटाने यावर सापेली नावाचं अॅप तयार केलंय. त्यात अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. झाडाचं चित्र, मग फुलाचं किंवा फळाचं, दाबलं की जागा आपोआप नोंदली जाते. कांगोच्या जंगलातल्या लोकांनी ते वापरून आपली महत्त्वाची झाडं आणि बेकायदा तोड नकाशावर आणली. चित्रं कुठली असावीत हे त्या लोकांबरोबर बसून ठरवलं होतं. आमच्याकडे पावरी, भिली बोलणाऱ्या बायांबरोबर बसून असं करायला विद्यापीठाला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट मालकीची. औषधी झाड कुठे आहे, कशावर चालतं, हे सांगितलं आणि उद्या तिथे ट्रक भरून नेणारे आले तर? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितलीय. ती वही गावाची असते. विद्यापीठाने गावात आल्यावर आधी त्या समितीपुढे बसावं, काय उघड करायचं आणि काय झाकायचं ते गावाने सांगावं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं जंगल स्वतः राखलं, वनभाज्यांची स्पर्धा भरवली, तिथे अभ्यासक येतात ते गावाच्या शब्दाने येतात. तसं सगळीकडे व्हावं.

रानपिंगळा_शहादा

डोंगऱ्या, शंभर टक्के बरोबर. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, नकाशावर मोठ्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. रानपिंगळ्याच्या बाबतीत मी घरट्याची जागा कुणालाही सांगत नाही. फोटोवाल्यांची गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो.

पांझरा_नाना

मी पहिल्यांदा शंका घेतली, आता सुचवतो. सुरुवात विहिरींपासून करा.

भूजल यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. काम चांगलं आहे, पण आपल्या बेसॉल्टमध्ये या बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडच्या बांधावरची कोरडी, असं सर्रास असतं. चोपडा, यावल, रावेरकडे तापीच्या गाळात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात (डोंगरातून वाहून आलेल्या दगड-वाळूच्या थरात) आणखी वेगळं. दर गावात पाच-सहा विहिरी दर आठवड्याला मोजल्या तर चित्र कुठल्या कुठे स्पष्ट होईल. आणि याला ना अॅप लागतं ना इंग्रजी. टेप आणि वजन पुरे.

पद्धत मात्र काटेकोर हवी. कठड्यावर एका जागी रंगाने खूण करायची आणि कायम तिथूनच मोजायचं, कारण कठडा सगळीकडे सारखा उंच नसतो. खुणेपासून जमिनीपर्यंतची उंची एकदा मोजून लिहून ठेवायची आणि दर वेळी वजा करायची. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या हातभर भागाला खडू चोळायचा, म्हणजे ओला झालेला भाग नेमका दिसतो. सगळ्यात महत्त्वाचं, मोटार कधी बंद झाली ते लिहायचं. आपल्याकडे शेतीची वीज कधी रात्री, कधी दिवसा. मोटार चालू असताना किंवा नुकती थांबल्यावर मोजलं तर ती पातळी उपशाची असते, भूजलाची नव्हे. विहिरीला भरून यायला वेळ द्या, मग मोजा. बारा तास गेले असतील तर उत्तम.

आणि माणसांचं म्हणाल तर पांझरेवरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्यावरून पाणी, फडाफडाने, म्हणजे शेतांच्या गटागटाने, वाटप, त्यावर गावाने नेमलेले हवालदार, पाटकरी, जागले. सरकार यायच्या आधीपासून लोक पाणी मोजून वाटत होते आणि एकमेकांना हिशेब देत होते. विहीर मोजायला खान्देशी माणसाला शिकवावं लागणार नाही.

अमळनेरकर

नाना, मोटार बंद झाल्याची वेळ हा रकाना कुणाला सुचला नसता. विहीर ही जागा ठरलेली असल्यामुळे माझी मेहरूणवाली अडचणही इथे बरीच कमी होते, फक्त विहिरी निवडताना बागायतदारांच्याच घ्यायच्या नाहीत, कोरडवाहू शिवारातल्याही घ्यायच्या. दहा टक्के विहिरी विद्यार्थ्यांनी त्याच दिवशी स्वतंत्रपणे मोजल्या तर चूक किती होते तेही कळेल. ते गणित मी माझ्या मुलांकडून करून घेतो.

गिरणाकाठ

मग असं करूया. पावसाळा संपल्यावर, पाणी वर असताना पहिलं मोजमाप. माझ्या शाळेची आठवी-नववीची मुलं आपापल्या गावात मोजतील. शिवाय पाऊस, म्हणजे पातळी का वाढली ते कळेल. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठलाच बघायचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.

अमळनेरकर सर, विद्यापीठाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी लिहिते, तुम्ही तपासा. त्यात तीन मागण्या: नोंदी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमच्या आणि सगळ्यांना बघायला मिळतील अशा ठेवाव्यात, या कामाची जबाबदारी एखाद्या सरांच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर असावी, म्हणजे माणूस बदलला तरी काम चालू राहील, आणि दर महिन्याला प्रत्येक गावाला त्याच्या विहिरींचा आलेख मिळावा, मराठीत. झ्युरिचच्या विद्यापीठाने नागरिकांच्या अशा प्रकल्पांना सुरुवातीचा निधी आणि प्रशिक्षण देण्याची वेगळी व्यवस्था केलीय. आपण निधीचं नंतर बोलू, टेप माझ्याकडे आहेत.

डोंगऱ्या, धडगावकडे विहिरी कमी, झरे जास्त. तिथे काय मोजता येईल?

डोंगऱ्या_धडगाव

झऱ्याखाली मोजमापाचा डबा धरायचा आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. तीन वेळा धरायचा, मधला आकडा घ्यायचा. बायांना आधीच माहीत असतं कुठला झरा होळीपर्यंत टिकतो आणि कुठला त्याआधी आटतो. तेही लिहून घेऊ, त्यांच्या नावाने.

रावेरकर

ताई, आलेख खरंच मिळणार असेल तर आमच्या दोन विहिरी घ्या. एक बागेतली, मोटार चालू असते. दुसरी जुनी, गावाच्या वेशीजवळची, तिच्यावर मोटारच नाही, कुणी उपसत नाही. नानांच्या हिशेबाने ती जास्त कामाची असावी.

पांझरा_नाना

रावेरकर जिभाऊ, तीच आधी घ्या. आणि कठडा पडलेला असेल तर खूण करायच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतर केला तर सगळी मापं बदलतील. मुलांना मोजायचं आहे, तेव्हा जाळीही बसवा.

रावेरकर

जाळीचं ग्रामपंचायतीत बोलतो. कठडा एका बाजूने खचलाय, गवंड्याला उद्याच सांगतो.